चिपी ते उजळाईवाडी : ११० किलोमीटर म्हणजे किती तास?

प्रति,
मा. प्रधान सचिव, सामान्य प्रशासन विभाग (विमानचालन), मंत्रालय, मुंबई
मा. व्यवस्थापकीय संचालक, महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ, मुंबई
मा. मुख्य अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग, कोकण

विषय : सिंधुदुर्ग (चिपी) आणि कोल्हापूर (उजळाईवाडी) या दोन विमानतळांमधले अंतर किलोमीटरऐवजी तासांत मोजण्याबाबत.

महोदय,

स.न.वि.वि.

एकच पत्र तीन कार्यालयांना लिहितो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. एका कार्यालयाला लिहिलं तर उत्तर येतं की हा विषय आमच्या अखत्यारीत नाही. दुसऱ्याला लिहिलं तरी तेच. आणि ते खोटंही नसतं. विमान उतरेपर्यंतचं काम एका खात्याचं, उतरल्यावर गाडीत बसायचं ते दुसऱ्याचं, आणि गाडी ज्या घाटातून जाते तो तिसऱ्याचा. प्रवासी मात्र एकच असतो. म्हणून पत्रही एकच.

माझी ओळख एवढीच की मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. तळकोकणातल्या दोन-तीन आगारांत मिळून नोकरी झाली आणि त्यातला मोठा काळ घाटावर जाणाऱ्या गाड्या लावण्यात गेला. एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं आणि टप्पा ६ किलोमीटरचा. सपाटीवरचे ६ किलोमीटर आणि फोंडा घाटातले ६ किलोमीटर तिकिटाच्या दृष्टीने सारखेच. पण आमच्या तक्त्यात अंतराच्या शेजारी आणखी एक रकाना असायचा, रनिंग टाईमचा. किलोमीटर चुकले तर दोन रुपयांचा फरक पडायचा. रनिंग टाईम चुकला तर पुढची गाडी चुकायची, चालकाची ड्युटी चुकायची, वस्तीच्या गाडीची माणसं स्टँडवर झोपायची. त्यामुळे किलोमीटरवर आम्ही फार भरवसा ठेवत नसू.

विमानवाल्यांच्या कागदात हा दुसरा रकाना नसतो. त्या रिकाम्या रकान्यामुळे आमच्या घरचा गणपती जवळजवळ पुतण्याशिवाय बसला, म्हणून हे लिहायला घेतलं.

पुतण्या हैदराबादला असतो. गेल्या चतुर्थीच्या दोन दिवस आधीचं त्याचं चिपीचं तिकीट होतं. सकाळी निरोप आला की चिपीला ढग आहेत, विमान रद्द. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिचा काही गुन्हा आहे असंही मला वाटत नाही, ढगांना कोण काय करणार. हवामानामुळे विमान रद्द झालं तर नियमाने भरपाई मिळत नाही. पैसे परत घ्या किंवा दुसरं विमान घ्या. चिपीचं पुढचं विमान चतुर्थीनंतरचं होतं. मग याने मोबाईलवर बघितलं, कोल्हापूर किती लांब आहे? उत्तर आलं, ११० किलोमीटर. हैदराबादेत कामावर जाऊन-येऊन त्याचे रोजचे साठ-सत्तर होतात. त्याला वाटलं, दोन तासांचा प्रश्न. दुसऱ्या दिवशीचं कोल्हापूरचं तिकीट काढलं आणि आम्हाला फोन केला : संध्याकाळी सहापर्यंत घरी येतो, मखराचे दिवे मीच लावणार.

मी घरी नव्हतो, बाजारात होतो. असतो तर त्याला सांगितलं असतं, बाबा, ते ११० किलोमीटर कावळ्याचे आहेत, तुझे नव्हेत.

दुपारी साडेतीनला तो उजळाईवाडीला उतरला. बाहेर टॅक्सीवाल्याने कुडाळचं जे भाडं सांगितलं ते त्याच्या विमानाच्या तिकिटापेक्षा जास्त होतं. तो रिक्षाने मध्यवर्ती स्टँडवर गेला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी कोल्हापूरच्या स्टँडवर कोकणात जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळणं हेच मुळात नवसाचं काम. साडेपाचच्या गाडीत उभा राहिला. राधानगरीला पोचेपर्यंत अंधार झाला. दाजीपूरला धुकं इतकं की चालकाने खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी हाकली. पुढे घाटात एका वळणावर ट्रक आडवा झालेला. तिथे दोन तास.

नऊच्या सुमारास आईने त्याला फोन लावला. आईचं वय चौऱ्याऐंशी, विमान तिने फक्त वरून जाताना बघितलेलं.

“खंय पावलंस रे?”

“दाजीपूर, आजी.”

“थंय कित्याक गेलंस?”

या प्रश्नाचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं आणि खरं सांगायचं तर माझ्याजवळही नाही. हैदराबादहून निघालेला माणूस विमानाने सव्वा तासात घाटमाथ्यावर येतो आणि तिथून खाली आपल्या गावाला यायला त्याला नऊ तास लागतात. रात्री साडेबारा वाजता मी त्याला कुडाळच्या स्टँडवरून स्कूटरवर घेऊन आलो. दिवे सकाळी लागले.

आता या ११० किलोमीटरांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माझी खरी तक्रार त्यांच्याबद्दलच आहे.

चिपीची धावपट्टी वेंगुर्ले तालुक्यात, परुळ्याजवळच्या सड्यावर आहे. कातळाचा सपाट सडा, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. समुद्रसपाटीपासून उंची शंभर मीटरसुद्धा नाही. उजळाईवाडीचा विमानतळ साधारण ६०० मीटर उंचीवर आहे, देशावर. या दोहोंच्या मध्ये सह्याद्रीची कड उभी आहे. नकाशावर एका विमानतळावरून दुसऱ्यावर पट्टी ठेवली की ११० किलोमीटरच्या आसपास आकडा येतो. छोटं एटीआर विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं, म्हणजे हिशोबाने तेरा मिनिटं. पण विमान काही तेरा मिनिटांचं नसतं. आधी तासभर येऊन बसा, मग धावपट्टीवर जा, वर चढा, आणि पूर्ण उंची गाठायच्या आत उतरायला लागा. एवढ्या जवळच्या दोन गावांमध्ये विमान कुणी चालवणार नाही आणि चालवूही नये. लहान शहरं विमानाने जोडायची ‘उडान’ योजना २०१६ साली जाहीर झाली तेव्हाच तिच्यात सर्वसाधारण मार्ग २०० ते ८०० किलोमीटरचे धरले होते. त्याहून जवळचे मार्ग डोंगराळ, दुर्गम भाग आणि बेटं यांच्यासाठी. तर, मी चिपी–कोल्हापूर विमान मागत नाही. हे आधीच स्पष्ट करतो, नाहीतर कुणीतरी उद्या हेलिकॉप्टरचं निवेदन घेऊन सही मागायला येईल.

रस्त्याने जायचं तर काय? चिपीहून परुळे, पाट, पिंगुळी करत कुडाळ. पंचवीसेक किलोमीटर, वळणावळणाचा गावरस्ता, पण काढतो माणूस. पुढे महामार्गाने कणकवली, नांदगाव. मग फोंडा घाट चढून दाजीपूर, राधानगरी आणि कोल्हापूर. शहर ओलांडून उजळाईवाडी. सगळं मिळून १७० किलोमीटरच्या आसपास. पट्टीने मोजलेल्यापेक्षा दीडपटीहून जास्त. रनिंग टाईम स्वतःच्या गाडीने कोरड्या दिवसात साडेचार तास. एसटीने सहा-साडेसहा, मधली गाडी बदलायची धरून. पावसाळ्यात मी आकडा लिहीत नाही.

दुसरी वाट करूळ घाटाची. तळेरे, वैभववाडी, करूळ चढून गगनबावडा, मग कळे आणि कोल्हापूर. हा घाट २०२४ च्या जानेवारीत कामासाठी बंद केला आणि एकेरी वाहतूक पुन्हा सुरू व्हायला २०२५ साल उजाडलं. त्या वर्षभरात सगळा भार फोंड्यावर आणि शेजारच्या भुईबावडा घाटावर. २०२१ च्या जुलैत तर करूळ आणि भुईबावडा दोघांनाही एकदम दणका बसला होता. आणि घाट उघडा असला म्हणजे वाट उघडी असते असंही नाही. कुंभी नदी फुगली की गगनबावड्याच्या रस्त्यावर मांडुकलीला पाणी येतं. घाट सुखरूप चढून वर आलेली गाडी तिथे अडकते आणि खाली परत जायचं म्हटलं तर मागे दरड आलेली असते. आमच्या एका चालकाने एकदा चाळीसेक माणसांसह अशी एक रात्र काढली होती. दुसऱ्या दिवशी त्याने नोंद काय करावी? ‘गाडी वेळेत. रस्ता उशिरा.’ त्याला मी रागावलो होतो. आज वाटतं, याहून नेमकं कुणी लिहिलं नसतं.

तिसरी वाट आंबोलीची : सावंतवाडी, आंबोली, आजरा, उत्तूर, निपाणी, कागल. अंतर थोडं जास्त, पण वर चढल्यावर रस्ता चांगला आणि निपाणीच्या पुढे महामार्गच. या वाटेची गंमत अशी की ती मध्येच निपाणीला कर्नाटकात डोकं घालून पुन्हा महाराष्ट्रात येते. सीमेवर काही झालं की पहिल्यांदा काचा एसटीच्या फुटतात, म्हणून फेऱ्या थांबवल्या जातात. म्हणजे या वाटेला पावसाबरोबर राजकारणाचंही हवामान बघावं लागतं.

चौथी वाट घोटगे–सोनवडे घाटाची. कुडाळ तालुक्यातून थेट भुदरगडात, गारगोटीला. ही झाली तर अंतर खरोखरच कमी होईल. मी नोकरीला लागलो तेव्हा ती होणार होती. मी निवृत्त झालो तेव्हाही होणार होती.

आता याच्याशेजारी दुसरी एक जोडी ठेवून बघा. कोल्हापूर आणि बेळगाव. उजळाईवाडीपासून सांबऱ्याच्या विमानतळापर्यंत आकाशातलं अंतर ९५ किलोमीटरच्या पुढे-मागे. म्हणजे चिपीपेक्षा थोडंच कमी. पण तिथे मधे डोंगर नाही, पुणे–बंगळूर महामार्ग आहे. दोन-सव्वादोन तासांत माणूस एका विमानतळावरून दुसऱ्यावर. कोल्हापूरच्या माणसाला बेळगावचं विमान सोयीचं पडलं तर तो सकाळी उठून, चहा पिऊन जातो. कागदावर दोन्ही जोड्यांत पंधरा किलोमीटरचा फरक. अंगावर अडीच तासांचा. पावसाळ्यात अख्ख्या दिवसाचा.

आणि तिसरी जोडी, जिच्याबद्दल आमच्याकडे हळू आवाजात बोलतात. चिपी आणि गोव्यातला मोपा. सरळ रेषेत ४५ किलोमीटर. रस्त्याने सत्तरेक, कुडाळ, सावंतवाडी, बांदा करत पत्रादेवीचा नाका ओलांडला की आलंच. पावणेदोन तास. चिपीचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ ला झालं आणि मोपाचं ११ डिसेंबर २०२२ ला; जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडू लागली. चौदा महिन्यांत बाजूला एवढं मोठं दुकान उघडल्यावर आमच्या टपरीचं काय व्हायचं ते झालं. चिपीची मुंबई सेवा उडानच्या सवलतीवर चालली होती. सवलत तीन वर्षांची. तीन वर्षं संपली, सेवा बंद पडली. पुढे वेगवेगळ्या गावांना विमानं सुरू झाली, वार बदलले, वेळा बदलल्या. आज कोणत्या वारी कुठलं विमान आहे ते मी इथे लिहीत नाही, पत्र आपल्या टेबलावर पोचेपर्यंत ते जुनं होईल.

आपण विचाराल, मोपा जवळ असताना हा माणूस कोल्हापूरचं काय घेऊन बसलाय? बरोबर आहे. मुंबईला जायला मोपा जवळ. पण आमच्या जिल्ह्याचं पोट आणि दुखणं कोल्हापूरशी बांधलेलं आहे. कुडाळच्या बाजारातली भाजी रात्री फोंडा उतरून येते. घाट बंद झाला की सकाळी कोथिंबिरीचा भाव सांगतो की दरड कुठे पडली. देवगडचा आंबा घाट चढून जातो. मोठं ऑपरेशन निघालं तर घरात तीन नावं घेतली जातात : गोव्यातलं बांबोळी, बेळगाव, कोल्हापूर. आणि ऑगस्ट २०२५ पासून आणखी एक गोष्ट झाली. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला बसायला लागलं आणि रत्नागिरी–सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे त्याच्या कक्षेत आले. कोल्हापूरकरांनी त्यासाठी कित्येक वर्षं आंदोलन केलं, त्यांना ते मिळालं, आनंद आहे. पण आमच्या गावच्या माणसाला आता जमिनीच्या दाव्यासाठी हायकोर्टात जायचं तर घाट चढावा लागतो. मुंबईला निदान रात्री कोकणकन्येत झोपून जाता येत होतं.

वैभववाडी–कोल्हापूर रेल्वे झाली असती तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं. २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजूर, लांबी सुमारे १०७ किलोमीटर. हा आकडा बघा, विमानाच्या अंतराच्या जवळपासच. त्यावर मी अधिक बोलत नाही. तो विषय आपल्या तिघांपैकी कुणाचाच नाही, आणि चौथा पत्ता घातला की पत्र आणखी फिरत राहील.

तर आता मागण्या. फार नाहीत आणि बहुतेकांना पैसे लागत नाहीत.

विमानचालन विभागाला माझं म्हणणं असं. दोन्ही विमानतळांची मालकी वेगळी आहे हे मला ठाऊक आहे. चिपी एमआयडीसीच्या जमिनीवर, खासगी कंपनीने बांधलेला. कोल्हापूर भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा. तो तर १९३९ सालचा, राजाराम महाराजांच्या काळातला, आणि त्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन २०२४ च्या मार्चमध्ये झालं. त्या दोघांना एकमेकांशी बोलायचं काही कारण आजवर पडलं नाही. आपण ते कारण निर्माण करा. चिपीला ढग असले म्हणजे उजळाईवाडीलाही असतातच असं नाही. नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर उतरायचं तर वैमानिकाला साधारण ५ किलोमीटरपर्यंतचं दिसावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या सड्यावर कधीकधी समोरची विहीर दिसत नाही. म्हणून चिपीचं विमान रद्द झाल्यावर प्रवाशाला जे कळवलं जातं त्यात एक ओळ वाढवायला सांगा : कोल्हापूर विमानतळावरून कुडाळ आज इतके तास, मोपावरून इतके तास. किलोमीटर नकोत. ‘जवळचा विमानतळ’ हे शब्दही नकोत. माझ्या पुतण्याला ‘आज सात तास’ एवढं कुणी सांगितलं असतं तर तो सरळ मोपाचं तिकीट काढून दिवे लावायला वेळेवर आला असता.

एसटीला मी काय सांगणार, तिने मला पोसलं. तरीही. चिपी ते कोल्हापूर थेट गाडी सोडा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. ती आठ दिवस फोटोसाठी धावेल आणि पंधराव्या दिवशी ‘प्रवासी प्रतिसाद नाही’ म्हणून बंद होईल. मी स्वतः अशा दोन गाड्यांचे बंदचे कागद तयार केलेले आहेत. त्यापेक्षा दोन साध्या गोष्टी करा. चिपीला ज्या दिवशी विमान असेल त्या दिवशी कुडाळ स्टेशनपर्यंत एक मिनीबस, विमानाच्या वेळेला बांधलेली. विमान उशिरा आलं तर तीही उशिरा सुटेल. कुडाळला रेल्वे आहे, महामार्ग आहे, घाटावरच्या गाड्या आहेत. तिथपर्यंत माणूस पोचला की पुढे तो आपला आपण जातो. दुसरी गोष्ट उजळाईवाडीची. फोंडा आणि गगनबावडामार्गे जाणाऱ्या गाड्या शहराच्या पश्चिमेकडून शिरतात, त्यांना विमानतळ आडवाटेला पडतो. त्यांना वळवू नका, आतल्या माणसांची शिवी खावी लागेल. पण आंबोली–निपाणीवरून येणारी गाडी कागल, गोकुळ शिरगाव करत विमानतळाच्या फाट्याजवळूनच जाते. त्या गाड्यांच्या वेळापत्रकात हा थांबा ठळक छापा, आरक्षणात दाखवा आणि त्या फाट्यावर एक शेड बांधा. विमानातून उतरलेला माणूस शहरात उलटा जाऊन पुन्हा त्याच रस्त्याने परत येतो, हा उद्योग वाचेल. तासभर सहज वाचेल.

बांधकाम खात्याला एकच विनंती. घाट बंद आहे की चालू, हे आम्हाला अजूनही व्हॉट्सअॅपवरच्या कुणाच्या तरी मेव्हण्याकडून कळतं. तो मेव्हणा कालचा फोटो आज पाठवतो. करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली, चारच नावं आहेत. दिवसातून तीनदा या चार नावांपुढे ‘चालू’, ‘एकेरी’ किंवा ‘बंद’ एवढंच लिहून ते दोन्ही विमानतळांवर, कुडाळ आणि कोल्हापूरच्या स्टँडवर आणि कुडाळ, कणकवली रेल्वे स्टेशनवर लावा. पाचवं नाव मांडुकली. तो घाट नव्हे, पण लिहाच. घाटात आपली माणसं असतात, पावसाळ्यात जेसीबी उभे असतात. त्यांना सगळं ठाऊक असतं. ते फक्त खाली आणि वर पोचत नाही.

एक शंका आपल्या मनात येईल, की एवढी माणसं आहेत तरी किती जी एका विमानतळावरून दुसऱ्यावर जातील? थोडी आहेत. रोज दहा असतील, नसतीलही. पण ही सोय फक्त विमानातल्या माणसासाठी नाही. फाट्यावरची शेड हायकोर्टाची तारीख असलेल्या माणसालाही चालेल. घाटाची पाटी भाजीच्या टेम्पोलाही वाचता येते. आणि चिपीची मिनीबस परुळ्याच्या मुलींना कुडाळच्या कॉलेजला घेऊन जाईल. तिच्यात विमानाचं तिकीट दाखवायची सक्ती तेवढी करू नका.

माझ्या पुतण्याला यंदा मी सांगितलं की तू ठरव, कुठून यायचं ते. त्याने विचारलं, काका, चतुर्थीला चिपीला ढग असतील का? मी म्हटलं, ते मला नाही सांगता येणार. पण कुठल्या वाटेने किती तास, ते सांगतो. नोकरीतली जुनी वही काढली. तिच्यात चालू असलेल्या तिन्ही वाटांचे रनिंग टाईम आहेत, महिन्यानुसार वेगळे, सपाटीचे वेगळे आणि घाटाचे वेगळे; जूनपासून सप्टेंबरपर्यंत प्रत्येक घाटापुढे मी पेन्सिलीने जास्तीची मिनिटं लिहून ठेवायचो आणि दरवर्षी खोडून नवी घालायचो. रस्ते बदलले तसं त्यातलं काही जुनं झालंय. महामार्ग रुंद झाल्यापासून कुडाळ–कणकवलीची मिनिटं कमी करावी लागतील, करूळची नव्याने मोजावी लागतील. आगारात अजून ओळखीचे चालक आहेत, महिनाभरात विचारून दुरुस्त करून देतो. फुकट.

वही माझ्याकडे आहे. आपल्या तिघांपैकी कुणाच्या पत्त्यावर पाठवायची, तेवढं कळवावं.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग

ता. क. : उत्तर पोस्टाने पाठवलंत तरी चालेल. टपालही घाटातूनच येतं, हे मला माहीत आहे, मी थांबेन.